शिडी लावून चढायचा पूल

दोन हजार पाचच्या महापुरात आमच्या गावच्या ओढ्यावरचा दगडी पूल गेला. हा ओढा कर्नाटकच्या अंगाच्या डोंगरातून येतो. उन्हाळ्यात त्यात म्हैससुद्धा धड डुंबत नाही, पण त्या वर्षी त्यानं पुलाचे चिरे पार खालच्या उसात नेऊन टाकले. गाव अलीकडे राहिलं आणि एस.टी.चा रस्ता पलीकडे. मी शिकवायचो ते हायस्कूलही पलीकडेच होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी ओढा ओलांडायचो आणि ओल्या पायांनी वर्गात व्याकरण शिकवायचो.

दिवाळीनंतर पूल बांधायला पुण्याची एक कंपनी आली. पुलाच्या आधी तिचा निळा फलक आला. त्यावर 'पुनर्बांधणी' हा शब्द माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत होता. फलकाचे खांब मात्र त्यांनी काँक्रीटमध्ये भक्कम रोवले. त्या कंपनीनं आमच्या गावात मनापासून केलेलं काम ते एवढंच.

कंपनीचा मॅनेजर कडक इस्त्रीचा आणि मऊ जिभेचा होता. आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ओढ्याजवळ किराणा दुकान. पहिल्याच भेटीत त्यानं त्यांना 'काका' म्हटलं आणि आप्पा विरघळले. दुकानामागची खोली त्यांनी त्याला ऑफिसला देऊन टाकली, गावाचं काम आहे म्हणून. अव्वा, म्हणजे माझी आई, त्याला दुपारी भाकरी वाढायची. भाकरी त्याला चालायची, पाणी मात्र तो स्वतःच्या सीलबंद बाटलीतलं प्यायचा आणि बाटल्या ओढ्यात टाकायचा. ओढ्याशी त्याचा आलेला संबंध तेवढाच.

पूल उभा राहिला, नाही असं नाही. पण पुलाची टोकं रस्त्याला जोडणारा भराव त्यांनी काठावरचीच काळी माती ओढून टाकला. आप्पांनी विचारलं की याला दगड कधी बसवणार. मॅनेजर म्हणाला, ते सगळं डिझाइनमध्ये आहे. हे ऐकून आप्पांनी मान डोलावली. 'डिझाइन' म्हटलं की आमच्या गावात माना डोलायच्या, नवस बोलल्यासारख्या.

मे महिन्यात मोठे पुढारी आले. हायस्कूलची पोरं सुट्टीतून बोलावून उन्हात दोन्ही कठड्यांना उभी केली, फीत कापली, भाषणं झाली. ज्यांच्या शेतात अजून जुन्या पुलाचे दगड पडलेले होते तेच मॅनेजरला हार घालायला पुढं होते.

जूनच्या मध्यावर संततधार लागली आणि ओढ्यानं दोन्हीकडचा भराव चाटूनपुसून नेला. पूल राहिला. दोन्ही टोकं हवेत, खाली दीड पुरुष खोल चिखल, मधे एखादं टेबल ठेवावं तसा पूल.

आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. वऱ्हाड हातकणंगल्याहून यायचं होतं. आप्पा मॅनेजरकडे गेले, मीही बरोबर होतो. तो म्हणाला की भराव रस्त्याच्या कामात येतो, रस्ता दुसऱ्या खात्याचा, त्यांच्याकडे फक्त पूल. "आणि पूल बघा ना काका. जागचा हललाय का?"

त्या दिवशी आप्पांनी त्याला खोली रिकामी करायला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. मला बरं वाटलं, उशिरा का होईना.

शेवटी मंडपवाल्याच्या शिड्या कामी आल्या. दोन अलीकडे, दोन पलीकडे, खाली चिखलावर फळ्या. लग्नादिवशी सकाळी पाऊस थांबला. वऱ्हाडाचे टेम्पो पलीकडे उभे राहिले आणि माणसं शिडीनं पुलावर चढायला लागली. फेटा सावरत नवरदेव चढला. लग्न लावणारे जंगमस्वामी चढले. नवरदेवाची आई अंगानं थोराड, तिला खालून दोघांनी आणि वरून दोघांनी कशीबशी चढवली. ती पुलावर आली, अलीकडच्या टोकाशी गेली, खाली वाकून बघितलं आणि मागं येऊन कठड्याला टेकून चक्क खाली बसली.

"मी काय उतरत न्हाय," ती म्हणाली. "पुरगीला हितं आणा. हितंच लगीन लावा."

मुहूर्त जवळ आला होता. स्वामी म्हणाले, जागा कोरडी आहे, कुणाचा अडथळा नाही, काय हरकत आहे. मग माझी बहीण अंगावरचा शालू गुडघ्यापर्यंत खोचून शिडीनं वर गेली. घोट्यापर्यंत चिखल, ओठ घट्ट मिटलेले. मी मागोमाग अक्षतांची परात घेऊन चढलो. कंपनीच्या पुलावर माझ्या बहिणीचं लग्न लागलं.

आणि तो निर्लज्ज मॅनेजर आला. निमंत्रण कधीचं दिलेलं होतं. बरोबर फोटोग्राफर होता. शिडीवरून चढताना त्याचा बूट निसटून चिखलात पडला आणि काढायला कुणीही गेलं नाही. एका बुटावर उभं राहून त्यानं फोटो काढून घेतले. अव्वानं त्यालाही ताट पाठवलं. ती अशीच आहे.

श्रावणात मी भरावासाठी अर्ज घेऊन कोल्हापूरला रस्त्याच्या खात्यातल्या एका साहेबांकडे गेलो. त्यांच्या मागच्या भिंतीवर कंपनीचं नवं पोस्टर होतं. चित्रात आमचा पूल, त्यावर नवरानवरी, अक्षता टाकणारी माणसं. शिड्या आणि चिखल बरोबर कापलेले. खाली छापलं होतं, 'गावाच्या आनंदात आम्ही'.

मी तक्रार सांगितली. साहेबांनी मान मागं वळवून चित्राकडे बोट केलं. "हाच पूल ना? लोक तर खूश दिसतात."

"ती नवरी माझी बहीण आहे," मी म्हणालो. "शिडीनं चढलीय ती."

त्यांनी पुन्हा एकदा चित्र बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "छान आलाय फोटो."

पुढच्या उन्हाळ्यात भराव झाला, दगडासकट. तो दुसऱ्याच एका ठेकेदारानं केला, फलक न लावता. पुण्याच्या कंपनीला तोवर खालच्या अंगाला आणखी दोन पुलांचं काम मिळालं होतं. मी पाहुण्यांकडे जाताना ते पूल लागतात. मी वडापच्या जीपमधून उतरतो आणि चालत पलीकडे जातो. बरोबरचे हसतात. हसू देत.