काटेकाकांचे हात

काटेकाकांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या मोटारसायकलच्या लोटांगणांना कंटाळून. ब्रेकला नुसता हात लावायचा अवकाश, गाडी पुढून अशी खाली बसायची की मागचं चाक आभाळात आणि माझं नाक डांबरात. रस्त्यावरच्या मुंग्या मला चेहऱ्याने ओळखू लागल्या होत्या. वळणावर तर ती माझ्या मताला काडीची किंमत देत नसे. मी डावीकडे म्हणावं, तिनं ‘बघते’ म्हणावं, आणि तोवर समोरच्या भिंतीनं येऊन आमची विचारपूस करावी. त्या दिवशी दुकानासमोर ब्रेक दाबला तेव्हा मी गाडीवरून उतरलो नाही, ओतला गेलो. तो थेट काकांच्या चपलांपाशी.

काकांनी खाली पाहिलं. हातातून नट पडल्यावर लोक पाहतात तसं.

“काट्यावर उभे राहा,” ते म्हणाले.

दुकानाच्या दारातच धान्याची पोती तोलायचा जुना लोखंडी वजनकाटा होता. त्याच्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

“अहो, दुखणं गाडीचं आहे, माझं नाही.”

“गाडीवर बसतं कोण?”

“मी.”

“मग उभे राहा. बॅग घेऊन. हेल्मेट घालून.”

मी तेव्हा औषधांचा फिरता विक्रेता होतो. टाकीवर नमुन्यांची भलीमोठी बॅग असायची. मी उभा राहिलो. काट्याने एक हुंदका दिला.

“एकशे चार,” काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण समोरचा टायरवाला, शेजारचा न्हावी आणि न्हाव्याच्या खुर्चीतला अर्धा दाढी झालेला इसम अशा तिघांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

“जेवून आलात?”

“हो.”

“एकशे तीन धरू. गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा साठ किलोच्या माणसासाठी केलेल्या असतात. तुम्ही पावणेदोन माणसं आहात.”

यात टोमणा नव्हता. काका टोमणे मारत नसत, कौतुक करत नसत, हसतही फारसे नसत. त्यांचा चेहरा म्हणजे बंद शटर. माझा पहिला अर्धा तास, हा माणूस माझ्यावर रागावलाय, या समजुतीत गेला. आत एका बाजूला काकू शिवणयंत्रावर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत बसलेल्या होत्या. त्या यंत्र न थांबवता म्हणाल्या, “रागावलेले नाहीत. लग्नातल्या फोटोतही असेच आहेत.”

काका फक्त पुढच्या शॉकअपचं काम करत. इंजिनाला हात लावत नसत, पंक्चर काढत नसत. कुणी चेन ढिली झाल्याचं सांगितलं, तर डोळ्यांचा डॉक्टर गुडघेदुखीकडे पाहील तसं पाहत. माझ्या गाडीचं त्यांनी पुढचं चाक काढलं, दोन्ही पाय (शॉकअपच्या दोन नळ्यांना ते पायच म्हणत) खाली ओढून घेतले, टोपणं उघडली आणि आतलं तेल डब्यात ओतलं. ते तेल निघालं डबक्यातल्या पाण्यासारखं काळं, आणि वास मेलेल्या माशाचा. काकूंचं यंत्र थांबलं.

“किती वर्षं बदललं नाही?” काकूंनी विचारलं.

“बदलायचं असतं, हेच माहीत नव्हतं.”

“बरं झालं, तुम्ही औषधं फक्त विकता,” काकू म्हणाल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

काकांनी नळ्या धुतल्या, नवं दहा नंबरचं तेल ओतलं, नळ्या वर-खाली वर-खाली करून आतली हवा काढली. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, स्टीलची पट्टी वरून आत सोडली. इतर मेकॅनिक तेल मापाने ओततात. काका तेलाच्या वर रिकामी जागा किती उरली ते मोजत. एका पायात एकशे चाळीस मिलीमीटर, दुसऱ्यातही बरोबर एकशे चाळीस. काकूंनी ते आकडे आणि माझं वजन एका लांबट वहीत लिहिलं. मग जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा आत गेल्या, वर स्प्रिंग दाबून धरायला पाइपाचा कापलेला तुकडा, वर टोपण.

आणि मग काका स्वतः चक्कर मारायला गेले. हे पाहण्यासारखं असायचं. हँडल ते मुठीत धरतच नसत. अंगठा आणि दोन बोटं, बस्स. न्हाव्याने गिऱ्हाइकाची हनुवटी धरावी तसं. गतिरोधक, मग गटाराचं झाकण, मग उखडलेलं वळण. परत आले, उतरले, म्हणाले, “उजवा पाय जरा उशिरा उत्तर देतोय.” पुन्हा उघडून पट्टी टाकली तर उजवीकडे तेल चार मिलीमीटर खाली. हवेचा एक बुडबुडा आत राहिला होता, तो उशिरा वर आला. चार मिलीमीटर. हे त्या माणसाला दोन बोटांत कळलं होतं. मला आयुष्यात एवढं बारीक काही कळलेलं नाही, लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली असूनही.

त्यानंतर गाडी अशी चालली की मुंग्यांशी संबंध तुटला. वळणावर नुसतं मनात आणावं, गाडी वळलेली. पुढची काही वर्षं मी औषधांइतकीच काकांचीही विक्री केली. डॉक्टरांना पाठवलं, अंडी पोचवणाऱ्याला पाठवलं, आमच्या थोरल्या साडूंना पाठवलं. साडू काट्यावर उभे राहायला तयार होईनात. काका म्हणाले, “मग गाडी घेऊन जा.” साडू गाडी घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी परत आले.

मग एकदा मी नेहमीसारखं तेल बदलायला गाडी दिली आणि ती परत आली ती लाकूड होऊन. रस्त्यात नाणं पडलेलं असेल तर ते छापा पडलंय की काटा, हे मला दाढांत कळे. दोन दिवसांत मनगटं सुजली. मी परत गेलो. काकांनी चक्कर मारली, उतरले, आणि म्हणाले, “अजून मऊ आहे. काही बोलतच नाही.” तेलाचा नंबर जितका मोठा तितकं ते दाट आणि गाडी कडक; दहाच्या जागी त्यांनी आधीच पंधरा नंबर घातलं होतं, आता वीस घातलं, वर अजून जाड स्प्रिंगा.

“काका, दात हलतायत.”

“सवय होईल.”

अंडीवाला मला रस्त्यात भेटला. म्हणाला, “तुम्हीच पाठवलं होतंत ना? मी आता अंडी विकत नाही. थेट ऑम्लेटसाठी फेटलेलीच पोचवतो.” साडूंनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं, ही एकच जमेची बाजू. गिऱ्हाइकं गळायला लागली. काकांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. शटर बंदच होतं, त्याच्या आत काय चाललंय हे कुणाला कळणार.

ते मला कळलं चहामुळे. टपरीवरून उकळता चहा आला, काचेच्या ग्लासात. मी माझा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. काकांनी मात्र आपला ग्लास तळहातात घेतला, चारी बोटांनी आवळून धरला आणि माझ्याशी स्प्रिंगांबद्दल बोलत राहिले. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. तळहात लाल होत गेला. काकूंनी यंत्र थांबवलं, उठल्या, त्यांच्या हातातून ग्लास काढून बाकावर ठेवला आणि परत जाऊन बसल्या. हे त्यांच्या सवयीचं झालेलं दिसलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?” काका म्हणाले.

“वर्ष झालं,” काकू म्हणाल्या. “शर्टाची बटणं मी लावते. विचारलं तर म्हणतात, काजं लहान शिवली आहेस.”

“लहान आहेत,” काका म्हणाले.

म्हणजे मुक्या गाड्या नव्हत्या. बोटं बधिर झाली होती. बोटांना काही ऐकू येईना, म्हणून काका प्रत्येक गाडी कडक, आणखी कडक करत गेले होते. बहिऱ्याने समोरच्यावर ओरडावं तसं.

हातांची दुखणी बघणारे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे काकांना नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस घेतला.

“कुठलं बोट?”

“अंगठा.”

बरोबर होतं.

“आता?”

“मधलं.”

करंगळी होती.

“आता?”

“पहिलं,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी कापूस कशालाच लावलेला नव्हता. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. मी भिंतीवरचं हाडांचं चित्र वाचत बसलो.

मनगटात शीर दाबली गेलीय, डॉक्टर म्हणाले. वर्षापूर्वी आला असतात तर. दोन्ही मनगटं उघडून शीर मोकळी करू. किती परत येईल ते सांगता येत नाही. सहा महिने वाट पाहायची.

शस्त्रक्रियेनंतर सहा महिने दुकान निम्मं उघडं राहिलं. काकू कव्हरं शिवायच्या, काका शेजारी बसून रबराचा चेंडू दाबायचे. कुणी गाडी घेऊन आलं तर काकू सांगायच्या, “सध्या नाही.” चेंडूही काका शॉकअपसारखाच दाबायचे, सावकाश, मोजून. मी विचारायचो, “काही कळतंय का?” ते म्हणायचे, “चेंडू आहे हे कळतं.” मी विनोद समजून हसायचो. तो विनोद नव्हता.

सातव्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं, गाडीसकट. काकूंना म्हणाले, “वही काढ.” काकूंनी वही काढली. माझ्या पानावरच्या पहिल्या आकड्यांप्रमाणे काकांनी पट्टी लावून सगळं मूळपदावर आणलं; जुन्या स्प्रिंगा, दहा नंबरचं तेल, एकशे चाळीस. नुसतं बघून करायचं काम होतं, ते बिनचूक झालं. टोपणं काकूंनी फिरवली, कारण आटे धरले की नाही हे काकांना बोटांत कळत नव्हतं.

मग ते म्हणाले, “मी बाहेर जातो. तुम्ही दोघांनी कुठल्या तरी एका पायातलं तेल कमी करा. चांगलं वीस मिलीमीटर. कुठल्या, ते सांगायचं नाही.”

“कशाला?” काकू म्हणाल्या.

“मला ओळखता आलं तर दुकान उघडू.”

“आणि नाही आलं तर?”

“चार ओळखायचो मी. वीस ओळखायला काय?”

ते टायरवाल्याच्या ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. आम्ही उजव्या पायातलं तेल काढलं. काकूंनी पिचकारीने ओढलं, मी पट्टी धरली. पट्टीवरून ओघळलेला तेलाचा थेंबही मला बोटावर कळला.

काका चक्कर मारून आले. गतिरोधक, झाकण, वळण. आणि पुन्हा एकदा तेच सगळं. या वेळी हँडल मुठीत घट्ट धरलेलं होतं. उतरले, गाडी स्टँडला लावली.

“डावा,” ते म्हणाले.

“हो,” काकू लगेच म्हणाल्या. “डावाच.”

टायरवाला आपल्या दारात उभा होता, तो आत गेला.

काकांनी पाना उचलला. पुढचं चाक काढलं, डावं टोपण उघडलं, स्प्रिंग काढली, नळी दाबली, पट्टी सोडली. एकशे चाळीस. पट्टी पुसली. उजवं उघडलं. एकशे साठ. पट्टी पुसून पुन्हा मोजलं. एकशे साठ.

“अगं, तू शिवणकामच कर,” ते काकूंना म्हणाले. “खोटं तुला जमत नाही.”

मग त्यांनी उजव्या पायात तेल भरून एकशे चाळीस केलं, दोन्ही स्प्रिंगा टाकल्या आणि टोपणं फिरवायला काकूंकडे दिली. मला म्हणाले, “तेल दोन वर्षांनी बदला. कुणाकडूनही.” आवाज रोजचाच होता, एकशे चार म्हणाले होते तसाच.

आता त्या जागेत टायरवाल्याचे टायर रचलेले असतात. काट्यावरही टायर ठेवलेले आहेत. काका तिथेच बसतात आणि हवा भरतात. आकडा मीटरवर दिसतो. ते कुणालाही वजन विचारत नाहीत. सगळ्यांना पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस.