पिणाऱ्याची कीव

नातवंडांनो, परवा फोनवर तुमच्यातला एकजण म्हणाला, ‘मूड गेला की थोडी घेतो, आजी.’ म्हणून हे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी मोखाड्याच्या जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई होती. एका हाताने तिने नाचणीची पिशवी धरली होती, दुसऱ्याने झिंगलेल्या नवऱ्याचं डोकं. समोरचा माणूस हळहळला, ‘थोरली पोरगी वारल्यापासून पितो बिचारा.’

बाई म्हणाली, ‘पोरगी माझी नव्हती का, दादा? मीपण पिऊ? मंग धाकटीला कोन पाहील?’

‘बायांचं मन घट्ट असतं,’ तो म्हणाला.

घट्ट कसलं! डोळे पुसायलासुद्धा तिचा हात मोकळा नव्हता. दुःख दोघांचं आणि कीव मात्र पिणाऱ्याची, याचा मला आजही संताप येतो.

ती मला अजून जव्हारच्या बाजारात नाचणी विकताना दिसते. शाळेच्या गणवेशातली धाकटी शेजारी बसलेली असते.