मास्तरांचं पत्र आणि माझी मिशी

नांदूरघाटहून मी आष्टीला निघालो ते नामदेवचं तोंड बंद करायला. दुसरं काही काम नव्हतं.

नामदेव माझा लहानपणचा सोबती. रोज पारावर माझ्याशेजारी बसतो आणि रोज मला खोटं पाडतो. गोष्ट जुनी आहे. एक पेटीवाले मास्तर हिवाळाभर आमच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहिलते. संगीत नाटकाला चाली लावायचं त्यांचं काम. शहरात गलका लई, म्हणून इकडं आले. दिवसभर पेटी वाजवायचे आणि रोज बायकोला पत्र लिहायचे. ते पत्र टपालपेटीत टाकायला मीच जायचो. पुढं नाटक गाजलं. त्यातल्या एका पदाची चाल म्हणजे हुबेहूब आमची मेंढरं बोलवायची हाळी. म्हणजे माझी हाळी. हे मी सगळ्या गावाला सांगितलं आणि नामदेव सोडून सगळ्यांनी मानलं.

"कागद दाव बे," एवढंच त्याचं म्हणणं.

मागल्या महिन्यात मास्तरांच्या लेकीचा, शैलाताईंचा, आष्टीहून फोन आला. आई वारली, ट्रंकेत बाबांची पत्रं निघाली, त्यात तुमच्या घराबद्दल लिहिलंय, येऊन बघा. मी त्याच दिवशी पारावर जाहीर केलं, "माझ्या हाळीचं त्यात लिवलेलं नसलं तर मिशी उतरवीन!"

नामदेव म्हणाला, "वस्तऱ्याला धार लावून ठिवतो."

बीडला गाडी बदलली. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. त्यावरच्या जन्मसालानं माझं वय पंच्याहत्तरच्या वर जातं, म्हणजे प्रवास फुकट.

"हे वय चुकीचं हाय," मी म्हणालो.

"मग तिकीट फाडू का बाबा?"

"न्हाई. वय चुकलंय, कार्ड बरोबर हाय."

पाटोद्याकडचे माळ उघडेबोडके. मधे मधे तुरीची हिरवी पट्टी. कितीक घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्याइतकीच म्हातारी शेळी. हे बघत बघत मी जरा डोळे मिटले. झोपलो नव्हतो. उघडले तर समोर साखर कारखान्याची चिमणी. गाडी आष्टी सोडून पुढच्या गावाला, कड्याला आलती.

"मला कावून उठिवलं न्हाई?"

"तीनदा वरडलो बाबा. तुमी घोरत व्हता."

त्या माणसाशी मी पुढं बोललो नाही. कड्यात एका हॉटेलात बसून घरची भाकरी सोडली. मालक म्हणाला, बाहेरचं खायला मनाई आहे. मी म्हणालो, हा ठेचा चाखून मग मनाई कर. त्यानं बोटभर चाखला, डोळ्याला पाणी आलं, आणि आतून भज्यांची ताटली घेऊन माझ्यासमोर बसला. भजी चांगली होती. ठेचा सगळा त्यानंच खाल्ला.

जीपनं मागं आष्टीला आलो. शैलाताईंनी चहा ठेवला आणि पत्र पुढं केलं. निळी शाई, अक्षर वेलीसारखं एकात एक गुंतलेलं.

"काका, मी वाचून दाखवू?"

"मला वाचता येतं." दुसरीपर्यंत शिकलोय मी.

बोट ठेवून वाचायला बसलो. चहा गार झाला. त्यांनी दुसरा ठेवला, तोही झाला. शेवटी जे लागलं ते असं:

"इथला मालक संध्याकाळी मोठ्या थाटात हाळी देतो. मेंढ्या मान वर करतात आणि पुन्हा चरू लागतात. मग त्याची बायको ओंजळीत मीठ घेऊन दारातून हाळी देते. सगळा कळप धावत येतो, आणि कळपामागून मालकही येतो. तिची हाळी मी पदाला घेतली. मालकाला सांगायचा धीर होत नाही. हे पत्र टपालात तोच टाकणार आहे."

मी पुन्हा वाचलं. सोजर, माझी बायको, रोज संध्याकाळी दारात मेंढरांना मीठ चारायची हे खरं. मी हाळी दिली की मेंढरं सावकाश येतात, असं मी जन्मभर समजत होतो. ती माझ्या नाही, तिच्या हाळीला येत होती.

"काका, अक्षर लागत नाही का?"

"लागतंय. मास्तरचं अक्षरच खराब."

शैलाताईंनी पदर तोंडाला लावला. झेरॉक्स हवी का विचारलं. मी हो म्हणालो.

परतीच्या वाटेवर झोप आली नाही. नामदेवला वाचता येत नाही. सोजरलाही नाही. मी वाटेल ते वाचून दाखवलं असतं. पण सगळ्या पारासमोर बोललो होतो. आणि कागदावर तिचं होतं, ते मी पुन्हा माझं कसं म्हणू? बीडला उतरलो आणि स्टँडासमोरच्या न्हाव्याकडं मिशी उतरवली. नामदेवच्या वस्तऱ्याला ते सुख द्यायचं नव्हतं.

घराच्या दारात सोजरनं मला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"आवं, कोण गेलं?"

"कुणी न्हाई. बस खाली. तुझं पत्र हाय."

बोट ठेवून तिला सगळं वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"मग इतकी वर्सं बोलली कावून न्हाईस?"

"तुमी लई जोरात सांगत व्हता."

पारावर जाऊन नामदेवला मी स्वतःच सांगितलं. तो हसता हसता पारावरून पडायचा राहिला. मी सांगितलं, दात झाक, उद्यापासून त्या पदाचा मान सोजरला द्यायचा.

मेंढरं रानात पांगलेली होती. मी बांधावर जाऊन बसलो. मनाशी पक्कं केलं, आज तिनं हाळी दिली तरी आपण हलायचं नाही, मास्तरला खोटं पाडायचं. सोजरनं दारातून हाळी दिली. मेंढरं धावत माझ्या अंगावरून गेली.

दारात पोचल्यावर ध्यानात आलं, मीही उठून आलतो.