क्रिस्पुलोला न विचारलेला प्रश्न

एर्मेलिता माग्बानुआ फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरापासून दोन तासांवरच्या एका किनारी गावात नगरपालिकेच्या आरोग्य विभागाची प्रमुख होती. हाताखालची माणसं तिला 'मानांग लिता' म्हणत. ताई म्हणत खरी, पण वचकून असत. माणूस बघताक्षणी आपल्याला कळतो, असं ती छातीठोकपणे सांगायची.

एका सोमवारी निनावी तक्रार आली. रविवारी दुपारी नगरपालिकेची रुग्णवाहिका कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्याबाहेर उभी होती. सोबत फोटोही होता. गाडीचा चालक क्रिस्पुलो. नगराध्यक्षांनी शेरा मारला, 'चौकशी करून कळवा.' चौकशी कशी करायची हे लिताला कुणी शिकवलं नव्हतं. त्यात शिकण्यासारखं काही असतं, असंही तिला वाटत नव्हतं.

तिनं क्रिस्पुलोला, सगळ्यांच्या 'मानोंग पुलो'ला, म्हणजे पुलोदादाला, व्हरांड्यातच गाठलं. नर्सबाया डबे उघडून बसल्या होत्या.

"मानोंग पुलो, काल आखाड्यावर होतात की नाही?"

"होतो, मॅम."

"गाडी घेऊन?"

"गाडी घेऊनच."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर!"

"कोंबडा तरी जिंकला का, मानोंग?" मागून एकीनं टोमणा मारला आणि हशा पिकला. क्रिस्पुलो मान खाली घालून उभा राहिला. लितानं चार ओळींचा अहवाल लिहिला, 'कर्मचाऱ्याने आरोप मान्य केला.' त्याला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. ते दिवस त्यानं मेव्हण्याची रिक्षा चालवून काढले आणि परत कामावर रुजू झाला, तेव्हाही अवाक्षर काढलं नाही.

सात महिन्यांनी एक लंगडणारा माणूस सुक्या मासळीची टोपली घेऊन दवाखान्यात आला. "मला वाचवणारे ड्रायव्हर कुठायत?" त्या रविवारी झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेलं पातं त्याच्या मांडीत घुसलं होतं. रुग्ण सोडून परतणारी रुग्णवाहिका लोकांनी आखाड्याबाहेर रस्त्यावरच अडवली होती, आणि क्रिस्पुलोनं त्याला शेजारच्या गावच्या इस्पितळात पोचवलं होतं.

लितानं गाडीची नोंदवही मागवली. वेळ, जखमीचं नाव, इस्पितळाचा शिक्का, सगळं होतं. वही तिच्या टेबलापासून वीस पावलांवर खिळ्याला टांगलेली असायची. तिनं ती तेव्हा उघडलीच नव्हती.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, होतात का. होतो. पुढचं विचारलंच नाहीत."

"आपणहून बोलायचं होतंत!"

"त्या हसत असताना? काहीही बोललो असतो तरी थापच वाटली असती, मॅम."

दुसऱ्या दिवशी तिनं चूक आपली आहे असं स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. नगराध्यक्ष वैतागले, "मिटलेलं कशाला उकरताय?"

"त्याच्या सेवापुस्तकात मिटलेलं नाही, सर."

शिक्षा रद्द झाली. पण लिताच्या मनातून ती गोष्ट जाईना. प्रांताच्या कार्यालयात चौकशीच्या पद्धतीचा वर्ग होता, तो तिनं सुट्टी टाकून केला. आणि मग तीच शिकवू लागली. गावोगावच्या कचेऱ्यांमधले साहेब आणि बाया तिच्यापुढे बसत. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, आधी कागद बघा, मग माणूस बोलवा, दार लावून बोला, हे ती वारंवार सांगायची. शेवटी आपली फजितीही नाव-गावासकट सांगायची.

त्याच आखाड्याच्या तक्रारीवर सराव घ्यायला आरोपी म्हणून तिनं क्रिस्पुलोलाच बोलावलं. "मला कुठं बोलता येतं, मॅम?" तो म्हणाला.

"म्हणूनच या."

बाजार विभागाच्या एका साहेबांना हे पटेना. "आमच्याकडे कोण लबाड आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. चौकशी नुसती कागदापुरती."

"मलाही ठाऊक होतं," लिता म्हणाली.

साहेबांनी क्रिस्पुलोची उलटतपासणी केली. पाच मिनिटांत त्यानं सगळं 'मान्य' केलं. मग पाणीपुरवठ्याची एक तरुण प्रमुख उठली. तिनं दार लोटून घेतलं, त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "मानोंग, त्या दिवशी उठल्यापासून काय काय झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा."

क्रिस्पुलोनं न्याहारीच्या लसूणभातापासून सुरुवात केली. तो अर्धा तास बोलत होता. जेवणाची वेळ उलटली तरी लितानं त्याला थांबवलं नाही, आणि बाजारवाले साहेब वहीत भराभर लिहून घेत होते.