एक नंबरला काय लिहायचं

चुकलं तर माफ करा, लिहिण्याची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण मार्करचा वास आला की दहिसरच्या आमच्या चाळीतला तो रविवार आठवतो. देशाने पुढच्या पंचवीस वर्षांसाठी कोणती ध्येयं ठरवावीत, हे लोकांना विचारून कॉलेजसाठी यादी करायची होती. मारामारी झाली तर यादी पुढे पाठवणार नाही, असं कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं आणि ते मी सगळ्यांना सांगितलंही. मग चार्ट पेपरवर मी एक ते पाच आकडे घातले, तीच माझी चूक. सरकारी अर्जात पहिलं लिहिलेलं कामच तेवढं पार पडतं, बाकीची राहून जातात, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. शेजारचे काका म्हणाले, “एक नंबरला दवाखाना लिही रे. माझी बायको वाटेतच गेली.” साकीनाक्याचा कारखाना सुटल्यापासून घरी बसलेला वेल्डर उसळला, “आणि आम्ही बेकार मरायचं? काम लिही आधी!” काका चिडून आपल्या मालवणीवर आले, “मेल्या, जिवंत रवलंस तर काम करतलंस मा!” सगळे हसले, आणि त्याने लोखंडी खुर्ची उचलून काकांच्या तोंडावर हाणली. ते पडले तरी तो लाथा घालत राहिला. चार्टवर रक्त उडालं. मी नुसता उभा होतो, त्याची आजही लाज वाटते. एवढी मारामारी होऊनही यादी पुढे गेली कशी, हे मला बरेच दिवस कळेना. शेवटी आईने सांगितलं, काकांचा डावा डोळा कायमचा गेला होता, आणि यादी अडू नये म्हणून त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, जिन्यावरून पडलो.