झेंडीवाल्याचं कार्ड

पहिलेच सांगून ठेवतो, भूतबित, आत्मा-फात्मा मी मानत नाही. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात अंगारा नाही, गंडा नाही, कोणाच्या अंगात येणं नाही. मी रेल्वेत चावीवाला होतो. म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या ढिल्या झाल्या का ते पाहत, ठोकत, रोज लाइनीनं पायी चालायचं. सारी नोकरी वाशीमच्या आजूबाजूले गेली. धुक्यात, उन्हात, एकटा. लोक विचारत, काही दिसलं काय हो? दिसलं ना... रानडुकरं दिसली, साप दिसले, एकदा कोणाची तरी हरवलेली बकरी दिसली. बाकी काही नाही.

शिक्षण सातवी, तीही नापास. पोरगी रेखा म्हणे, बाबा, जसं बोलता तसंच लिहा. म्हणून लिहून राह्यलो.

माही बायको मंजुळा. तिले जाऊन सव्वा वर्ष झालं. मी अजून दिवाणाच्या एका टोकालेच बसतो. दुसरं टोक तिचं होतं.

फुटबॉलची गोष्ट चुकीतून सुरू झाली. रेखानं आमच्या टीव्हीचा रिचार्ज मारला नि चुकून खेळाचा पॅक घेतला. सिरीयली गेल्या, महिनाभर नुसते खेळ. मंजुळा कडाडली—

"अवो, माह्या सिरीयलीचं काय केलं तुमी?"

"मी काय केलं? तुह्या पोरीले विचार!"

दोन दिवस तिनं टीव्हीकडं पाठ करून भाजी निवडली. तिसऱ्या दिवशी तोंड इकडं वळलं. चौथ्या दिवशी ओरडली, "अरे पास दे ना मेल्या, तो मोकळा उभा हाये!" झालं. महिना संपला तं म्हणे, हाच पॅक राहू द्या. सत्तरीत आलेली दोन माणसं, दुपारच्या जेवणानंतर दिवाणावर बसून गोल मोजून राह्यली.

नावं इंग्रजीत. आमाले वाचता येत नव्हती, म्हणून तिनं आपली नावं ठेवली. एक लंबू, एक टकल्या. एक होता, त्याले नुसता हात लागला की लोळण घेऊन सगळ्यांचं लक्ष ओढायचा. त्याचं नाव जावई. (आमचे जावई हे वाचतीन. वाचू द्या.)

मले मात्र वेगळाच माणूस आवडला. मैदानाच्या कडेनं, पांढऱ्या पट्टीवरून एक जण झेंडी घेऊन पळतो ना, तो. म्हटलं, अरे, हा तं आपला माणूस! लाइन सोडायची नाही, नजर सरळ, नि हातात झेंडी. त्यानं झेंडी वर केली की दुनियेतले मोठे मोठे पयलवान जागच्या जागी थांबते. मी लाल झेंडी धरली की अख्खी गाडी थांबायची, तसंच. ऑफसाइड काय असते ते माह्या जावयाले अजून समजलं नाही, मले एका दिवसात समजलं.

मंजुळा म्हणे, "इतके खेळून राह्यले, नि तुमाले तोच दिसला?"

म्हटलं, "तो नसन तं सगळे गाड्यासारखे एकमेकावर धडकतीन."

मग कार्डं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागते, त्याची झेरॉक्स काढायले वाशीमले गेलो होतो. दुकानात फुटबॉलवाल्यांच्या कार्डांची पाकिटं टांगलेली. पाच कार्डं एका पाकिटात, आत कोण ते फोडल्याशिवाय समजत नाही. गंमत म्हणून एक आणलं. त्या दिवसापासून व्यसन लागलं. अल्बम आला, घरात चिकटवाचिकटवी सुरू झाली.

पाकीट फोडायची तिची एक रीत होती. पहिले ते कानाजवळ धरून हलवायचं, डोळे मिटायचे, नि सांगायचं आत कोण आहे. "लंबू हाये." फोडलं की टकल्या. "आज जावई." निघायचा तिसराच. मग केसातल्या आकड्यानं बाजूनं चिरायची, कारण माह्या हातानं कार्डाचा कोपरा फाटायचा. इतकी पाकिटं फोडली, एकदाही तिचं बरोबर निघालं नाही. एकदाही! मी पोट धरून हसायचो. ती म्हणे, "हसा. एक दिवस तुमचा झेंडीवाला काढून दाखवीन."

आता झेंडीवाल्याचं कार्ड निघतच नाही. दुकानदाराले मी विचारलं होतं. "काका, फक्त खेळाडू," तो म्हणे. अल्बममध्ये सगळ्यांचे नंबर छापलेले, त्यात झेंडीवाल्याचं घर नाही.

मग तिच्या छातीत पाणी व्हायले लागलं. दवाखान्यात भरती केलं. एका सकाळी जाता जाता मी त्याच दुकानातून पाकीट घेतलं. टांगलेल्या माळेतून, माह्या हातानं, मधलं एक. तिच्या हाताले सलाइन. तरी पाकीट कानाजवळ नेलं, हलवलं. लय वेळ ऐकत राह्यली.

"सांग, कोण हाये?"

"झेंडीवाला."

"अवं येडे, तो निघतच नाही. शंभरदा सांगतलं."

"या वक्ती निघन. आता नका फोडू. घरी गेल्यावर फोडू."

मी हसलो, नि पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं. त्याच दुपारी ती गेली. घरी आली, पण पाकीट फोडायले नाही.

ते पाकीट मी स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा लोखंडी पेटीत, पेटीची चावी करदोट्याले. फोडलं नाही. कारण सरळ होतं... ते तिचं शेवटचं बोलणं. फोडलं की ते खोटं पडणार, हे मले पक्कं माहीत. बंद आहे तोवर तिची बाजू उभी तरी आहे. मॅच पाहत होतो, नवीन पाकिटं आणत नव्हतो.

वर्ष झालं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक जेवले, दुपारी तीनपर्यंत मांडव रिकामा. रेखा भांडी घासून आली नि समोर बसली.

"बाबा, फोडा ते पाकीट एकदाचं."

"नाही."

"काहून?"

"तुही आई खोटी पडन."

पोरगी हसली. डोळ्यात पाणी, नि हसून राह्यली. "बाबा, आई कवा बरोबर निघाली होती? खोटी पडली तं तीच पहिले हसन."

हे पटलं मले. पेटी उघडली. रेखानं पाकीट उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिलं. चिकटवण जशीच्या तशी. मंजुळाचा आकडा काढला, बाजूनं चिरलं. पहिलं कार्ड, अल्बममध्ये होतं ते. दुसरंही होतं. तिसरा लंबू, चौथा एक नवीन पोरगा. मी म्हटलं, बस, हरली बिचारी.

पाचवं कार्ड.

हिरवं मैदान, पांढरी पट्टी, नि पट्टीवरून पाठमोरा चालणारा माणूस. तोंड दिसत नाही. मागं नाव नाही, नंबर नाही, कोरं.

"बाबा, हा तुमचा झेंडीवालाच हाये!" रेखा म्हणे. मग तिनं कार्ड डोळ्याजवळ नेलं. "पण याच्या काखेत दोन झेंड्या काहून?"

दोन होत्या. गुंडाळलेल्या, एक लाल, एक हिरवी. फुटबॉलवाल्याजवळ एकच झेंडी असते हो! काखेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन चालतो तो चावीवाला. नि त्याचा उजवा खांदा खाली उतरलेला. हातोडा वाहून वाहून उतरते तसा. रेखानं माह्या खांद्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदारानं यादी काढली, मोबाइलवर शोधलं. "काका, असं कार्ड येतच नाही. छपाईत चूक झाली असन."

म्हटलं, "चुकीनं नाक वाकडं छापन, डोळा खाली छापन. हिरवी झेंडी कशी छापन?"

रेखाले वाटलं, आईनं गुपचूप फोटोवाल्याकडून करून घेतलं असन. मी वाशीमचे सगळे फोटोवाले पालथे घातले, कोणी केलं नव्हतं. नि केलं असतं तरी, दुकानातलं पाकीट मी उचललं, माह्या डोळ्यादेखत तिच्या हातात होतं, मग माह्या खिशात. आत गेलं कसं? भूत मी अजूनही मानत नाही. पण कार्ड आहे. कोणाले पाहायचं असन तं घरी या, हात धुऊन या, कोपरा फाटला नाही पाहिजे.

अल्बममध्ये त्याले घर नाही, म्हणून मॅचच्या वक्ती दिवाणाच्या दुसऱ्या टोकाले ठेवतो. पाकिटं पुन्हा आणायले लागलो. परवा एक कानाजवळ धरलं, डोळे मिटले नि म्हटलं, जावई. फोडलं तं टकल्या! मी त्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं नि म्हटलं, "हास आता. तुही बारी."