इमानवाल्याची बायको

बोरीच्या पंचायतीत रेडिओ आला आणि गावाला भांडायला आणखी एक निमित्त मिळालं. आधी लोक बांधावरून भांडत, आता आभाळावरून भांडू लागले. दर बेस्तरवारी, दिवे लागायच्या वेळेला, रेडिओवर एका इमानवाल्याची, म्हणजे विमानवाल्याची, गोष्ट लागायची. गोष्ट कसली, सगळी थापच. एक माणूस लोखंडाच्या इमानात बसतो, चांदण्यांच्या पल्याड जातो, तिथं हिरव्या उजेडाच्या मुलखात फिरतो. पण मागच्याच साली रशियानं आभाळात एक गोळा सोडला होता आणि तो खाली न पडता नुसता फिरतोय म्हणे, त्यामुळं थाप म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. रेडिओ लावायचे व्यंकटराव पाटील. गावात कान पिरगाळायचा मान त्यांचा, तसा रेडिओचाही.

पुरुषमंडळी अंगणात बसायची, बायका भिंतीच्या आडोशाला. त्यात सगळ्यात कडेला, मांडीवर लोकर घेऊन, बानूबाई. चातीवर सूत काढता काढता ऐकायची. तिला त्या हिरव्या मुलखाचं काडीचं कौतुक नव्हतं. ती यायची आवाजासाठी. त्या इमानवाल्याचा आवाज हुबेहूब रायभानसारखा होता. थोडा बसका, आणि बोलता बोलता मधेच हसू दाबल्यासारखा.

रायभान तिचा नवरा. रझाकारांच्या धामधुमीच्या साली मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडं गेला. इथं राहिलं तर एक मेंढरू हाती लागायचं नाही, सरहद्दीपल्याड जातो, निवळलं की येतो, एवढं सांगून गेला. पुढं निवळलं. निजाम गेला, कचेरीवरचा झेंडा बदलला, बोरी हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेली. रायभान आला नाही. कुणी म्हणे सरहद्दीवर गोळी लागली. कुणी म्हणे वाशीमच्या बाजारात दिसला, खांद्यावर कुणाचं तरी पोर होतं. त्याचा चुलता सटवाजी दोनदा तिकडं जाऊन आला, दोन्ही वेळेला पायाला फोड आणि हाताला काही नाही.

बानूबाईला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू म्हाळसाबाई. मेंढरं गेली तशी दोघी कापूस वेचायला जायच्या, लोकर कातून द्यायच्या. दोघींचं फार जमायचं असं नाही. म्हाळसाबाईची जीभ म्हणजे कातर. सुनेनं थापलेली भाकरी हिला जाड दिसायची, आणि पातळ केली तर करपलेली. पण रायभानचं नाव निघालं की दोघी गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प बसण्यात मात्र कधी भांडण झालं नाही.

खरं दुखणं निराळंच होतं, आणि ते बानूबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, ती नवऱ्याचा आवाज विसरत चालली होती. रेडिओवर तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातातली चाती गळून पडली, इतकं तिला बरं वाटलं. पण आता उलटंच झालं. रायभानला आठवायला गेलं की तोंड रायभानचं आणि बोलणं इमानवाल्याचं. खरा आवाज कोणता, तो कसा हाक मारायचा, तिला सांगता येईना. माणूस गेला ते गेला, आता त्याची हाकही हातची गेली, याचं तिला फार वाईट वाटायचं.

आणि त्यातच मुंजाजीचा मागणीचा निरोप आला. मुंजाजी जिंतूरकडचा, मेंढरं राखणारा, बायको वारलेला. सटवाजीनंच शब्द टाकला होता. जातीच्या पंचांनी सांगितलं, धा वर्सं खबर नाही, पाट लावून दुसरं घर करायला हरकत नाही, फक्त बाईची आणि सासूची मर्जी पाहिजे. दिवाळी झाली की मुंजाजीचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडं, बिऱ्हाड सगळं, चराईला हलणार. त्याआधी हो की नाही ते कळायला हवं होतं. बानूबाई काही बोलेना. म्हाळसाबाई तर त्याहून काही बोलेना. एरवी जिचं तोंड मिटत नाही तिनं या एका गोष्टीवर मूग गिळले होते.

त्या बेस्तरवारी गोष्टीचा शेवटचा भाग होता. पंचायतीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मुंजाजीही सटवाजीकडं आला होता, अंगणात मागं घोंगडं टाकून बसला होता.

शेवट असा झाला. इमानवाला परत आला. त्याच्या हिशेबानं तो दोन वर्षंच बाहेर होता, पण इथं खाली वीस वर्षं उलटून गेली होती. सांजच्याला तो आपल्या घरापाशी आला आणि त्यानं दाराबाहेरून बायकोला हाक मारली. बायकोनं दुसरा नवरा केला होता, पण राहत होती त्याच घरात. तिनं आवाज ओळखला. उठली. कडीला हात लावला. आणि दार उघडलंच नाही. तो जरा वेळ उभा राहिला, मग पावलं लांब गेली, इमानाची घरघर झाली, आणि गोष्ट संपली.

व्यंकटरावांनी रेडिओचा कान असा पिरगाळला की बस्स. “भाग पार फिजूल,” ते म्हणाले. “इतके दिवस ऐकलं ते काय ह्याच्यासाठी? कडीला हात लावला, मंग काढायला काय झालतं? लिहिणाराची गल्लत झाली.”

“ते दोन वर्सं अन् वीस वर्सं मातर बराबर हाय,” सटवाजी म्हणाला. “आमी वाड्यावर आठ म्हैनं ऱ्हातो. आमाला वाटतं कालच गेलतो. घरी येऊन बघावं तर पाळण्यातलं पोरगं अंगणात पळायलंय, अन् आपल्यालाच पावना म्हणायलंय.”

लोक हसले. भिंतीमागून पाटलांच्या कस्तुराबाईंचा आवाज आला. “आन् तिनं वीस वर्सं काय करावं? ह्यो तिकडं हिरव्या उजेडात हिंडायलाय, अन् तिनं आभाळाकडं बघत मान मोडून घ्यावी?”

“नवरा हाय तो तिचा,” व्यंकटराव म्हणाले.

“हाय न्हाई, होता. तुमी आठ दिसांचं सांगून मानवतला जाता अन् पंधरा दिसांनी उगवता, तवा मी कडी लावूनच बसते की. इचारा कुणालाबी.”

बायकांच्या बाजूनं मोठा हशा उठला. व्यंकटरावही मिशीत हसले. पण हशा विरला तसं बोलणं वेगळ्याच वाटेनं गेलं. कुणी म्हणालं, वाट बघावीच लागते, बाईच्या जातीला तेच शोभतं. कुणी म्हणालं, वाट बघून पोट भरत नाही. कुणी म्हणालं, मेला म्हणून समजायचं आणि मोकळं व्हायचं. हळूहळू ‘इमानवाल्याची बायको’ हा शब्दच बोलण्यातून गेला, नुसतं ‘ती’ राहिलं. आणि जो तो ‘ती’ म्हणताना भिंतीच्या कडेला एकदा बघून घेऊ लागला. गाव असंच असतं, माणसाला तोंडावर काही विचारायचं धाडस नसतं, मग ते आभाळातून फिरून विचारतं.

बानूबाईला सगळं कळत होतं. पण तिचं मन त्या भांडणात नव्हतं. ते त्या हाकेत अडकलं होतं. दाराबाहेरून ती हाक आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. ती मनानं उठून कडीपाशी गेलीसुद्धा होती. आणि आता तो आवाज पुढच्या बेस्तरवारी लागणार नव्हता. तिला दुसऱ्यांदा रांडपण आल्यासारखं झालं.

“मुंजाजी, तू कसा गप?” व्यंकटरावांनी मुद्दाम विचारलं. “तुझं काय म्हननं?”

सगळे वळून बघू लागले. मुंजाजीनं घोंगड्याचं टोक बोटांनी चाचपलं.

“ती उठली, मंग तिचा नवा दादला कुठं व्हता?” तो म्हणाला. “गोष्टीत त्येचं कायच सांगितलं न्हाई. मी आसतो तर मीच कडी काढली आसती. एवढ्या लांबून आलेला मानूस, त्येला आत घेऊन भाकरी दिली आसती. म्होरचं मंग तिचं तिनं ठरवायचं.”

 बानूबाई लोकर गोळा करून उठली आणि घराकडं चालू लागली. मागून म्हाळसाबाईची पावलं ऐकू येत होती. 

घरी आल्यावर म्हाळसाबाईनं चूल पेटवली. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, “तू आस्तीस तर उघडलं आस्तंस?”

“उघडलं आस्तं,” बानूबाई म्हणाली.

“मंग मुंजाजीला न्हाई म्हनून सांगायचं?”

बानूबाईला रडू फुटलं. ती रडायची बाई नव्हती, पण त्या दिवशी रडली. “मानूस चांगला हाय त्यो, आत्याबाई. माजं मन व्हतंय जायाचं, खोटं कशाला बोलू? पर मी गेले, अन् तेच आले तर? इतक्या वर्सानं येतील, हाक मारतील. घरात हाक वळखनारं कुनी नको?”

म्हाळसाबाई जवळ सरकली. पाटाला जाणाऱ्या सुनेचं डोरलं सासरच्या बाईनं आपल्या हातानं उतरवायचं असतं. ते उतरवलं की पहिल्या घरानं मोकळं केलं असं पंच मानतात. तिनं सुनेच्या मानेवरचे केस बाजूला केले. गाठ घामानं, तेलानं पार दगड झाली होती, बोटांनी सुटेना. म्हातारीनं वाकून दातांनी धरली, दातही धड उरले नव्हते, तरी सोडवली. डोरलं मुठीत घेतलं आणि बराच वेळ ती मूठ तशीच छातीशी धरून बसली. मग नेहमीच्याच खेकसत्या आवाजात म्हणाली,

“कुनी नको म्हंजी? मी काय मेले का? नऊ म्हैनं पोटात वागवलाय त्येला, मला त्येची हाक वळखाया येनार न्हाई व्हय? दार उघडाया मी हाय. तू जा.”